बसऱ्याला विकलेली गाडी

माणिक, माझा धाकटा भाऊ, शेवटचा माझ्याकडे परतूरला आला तेव्हा बराच वेळ दाराबाहेर उन्हात उभा होता आणि घरात आम्हां कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. शुक्रवार, म्हणजे आमच्या मुलखातला सुट्टीचा दिवस, त्यामुळे कापसाची जिनिंग बंद होती. जेवून मी जरा आडवा झालो होतो. खिडकीतून ऊन तोंडावर आलं म्हणून झडप ओढायला उठलो, तर समोरच्या लिंबाखाली दमणी सोडलेली, बैल बसून रवंथ करताहेत, आणि हा डोक्याला उपरणं गुंडाळून, आपला नेहमीचा पितळी भोंपू हातात धरून पायरीच्या खाली उभा.

"अरे, कवा आलास?"

"झाला असंल अर्धा घंटा."

"मंग आत यायचं न्हाई का? दार सताड उघडं हे."

त्यानं भोंपूचा रबरी फुगा दाबून दाखवला. नुसती हवा गेली, फुस्स... "ह्याचा आवाज गेला दादा. मघापासून वाजवून राह्यलो. आतून कुणी ये म्हणलं न्हाई."

मी "ये" म्हणालो, तेव्हा कुठं तो पायऱ्या चढला.

त्यानंतर महिन्याच्या आतच वाटूरहून, आमच्या गावाहून, सायकलवर एक माणूस आला. दारात उतरला आणि हँडल धरून उभा राहिला. तो बोलायच्या आधीच मी समजलो. मळ्यातल्या एका विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं होतं. माणिकनं ते चालू करून दिलं, आवाज बरोबर येतो का ते ऐकत बांधावर टेकला आणि तिथंच गेला. इंजिन चालूच होतं, पाणी पाटानं वाहत होतं, म्हणून बराच वेळ कोणाला शंका आली नाही. त्याला चव्वेचाळिसावं लागलं होतं. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. हा हिशेब उलटा झाला आहे, एवढंच मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा मनात म्हणत होतो.

वाटूर, परतूर आणि थेट वडीगोद्रीपर्यंत ज्यांच्या इंजिनांना माणिकचा हात लागला, त्या सगळ्यांना त्याची ही सवय ठाऊक आहे. कोणाच्याही घरी गेला तरी दमणीला अडकवलेला भोंपू काढायचा, दारात दोनदा वाजवायचा, आणि आतून कोणी "ये" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. पोरं त्याला पोंपों काका म्हणत. मोठी माणसं म्हणत, विलायतेला जाऊन आलेल्याचा तोरा आहे. एका आडत्यानं तर तोंडावर टोमणा मारला होता, "माणिकराव, तुमच्यासाठी दारावर चपराशी ठिवावा म्हणतो." माणिक हसून म्हणाला, "ठिवा की. पण त्याला ये म्हणायला शिकवा." खरं कारण घरातल्या तिघांनाच माहीत होतं. त्यातला एक आता गेला. ज्याला ते झोंबत होतं तोच राहिला नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही असं मी ठरवलं आहे.

त्यासाठी आमच्या घरातली एक बोलायची रीत सांगावी लागेल. आमच्या आईला आम्ही आई किंवा माय कधीच म्हटलं नाही. वडिलांना तीन धाकटे भाऊ. ते सगळे तिला वहिनी म्हणत, तेच ऐकून आम्हीही वहिनी म्हणू लागलो. अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. उलट माणिकचं ऐकून वहिनीही मला दादाच म्हणते. पुढं माझं लग्न झालं आणि घरात माणिकची खरीखुरी वहिनी आली. मग आई ती वहिनी आणि माझी पत्नी ती नवी वहिनी, अशी वाटणी आपोआप पडली. नवी वहिनी घरात आली तेव्हा ती आणि माणिक दोघंही चिंचा पाडायच्या वयाची होती. दोघांची भांडणं मला सोडवावी लागत. तिचं नाव गोदावरी. तिच्या हयातीत मी ते चारचौघांत कधी उच्चारलं नाही, म्हणून इथं लिहिताना हात थांबला...

माणिकला सरकारी वजिफा मिळाला आणि इंजिनांचं काम शिकायला तो विलायतेला गेला. लढाईच्या बऱ्याच आधीची, सतरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं की, जुनी मोटारसायकल घेतली आहे आणि जहाजानं न येता जमिनीवरून तिच्यावर बसून परत येतो. वडिलांमागं घर बघणाऱ्या थोरल्या काकांनी कपाळाला हात लावला. मी कागदावर मैलांची बेरीज करून पाहिली आणि ती कोणाला दाखवली नाही. गोदावरी मात्र खूश होती. जाताना तो तिला कबूल करून गेला होता की, विलायतेहून काहीतरी चाकांचं आणीन आणि तुम्हांला वाटूरहून परतूर स्टेशनापर्यंत बसवून नेईन. सहा कोसांचा रस्ता. बैलगाडीनं सकाळची संध्याकाळ होते. ती मला विचारायची, "त्याच्यावर बसलं की किती वेळ लागंल हो?" मी म्हणायचो, रस्ता बरा असेल तर अर्धा घंटा. "अन् डोक्यावरचा पदर?"

वाटेतून माणिकची पत्रं येऊ लागली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं एक युक्ती काढली. स्वयंपाकघराचा उंबरा ही विलायत आणि चूल म्हणजे वाटूर. पत्र आलं की मी गावाचं नाव वाचायचं, मधे अंतर किती ते अंदाजानं सांगायचं, आणि ती एक चिंचोका तेवढा पुढं सरकवायची. सारवताना तो उचलायची आणि नेमका त्याच जागी परत ठेवायची. इस्तंबूलहून पत्र आलं तेव्हा चिंचोका जात्यापाशी होता. हलबहून आलं तेव्हा पाण्याच्या रांजणापाशी. बगदादहून आलेल्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, यापुढं बसऱ्याला जातो, तिथल्या पोस्टात माझ्या नावानं काही आलं तर मिळेल. बसरा मी चुलीपासून दोन हातांवर सांगितला होता. ते पत्र वाचलं तेव्हा ती अंथरुणावर होती. मुदतीचा ताप होता. दुसऱ्या आठवड्यात तो उतरला नाही, तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी काकांना बाजूला नेऊन काय ते सांगितलं. ग्लानीतून जागी झाली की ती विचारायची, "भावजी कुठवर आले?" काकांना ते ऐकवेना. ते गाडी जुंपून परतूर स्टेशनात गेले आणि बसऱ्याला तार केली. तारबाबूनं विचारलं, बिमार कोण आहे? काका म्हणाले, त्याची वहिनी. बाबूनं इंग्रजी अक्षरांत तसंच लिहिलं. वहिनी अत्यवस्थ, ताबडतोब ये. खाली काकांचं नाव.

काकांची वहिनी म्हणजे आमची आई. माणिकची वहिनी म्हणजेही आईच. तारेत नवी हा शब्द नव्हता. त्याला दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं. मी या गोष्टीचा अनेक बाजूंनी विचार केला आहे आणि यात कोणाच्या माथी चूक मारावी असं मला एकही ठिकाण सापडलेलं नाही.

गाडी विकल्याची हकीकत माणिक पुढं पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगायचा. का विकली ते मात्र सांगत नसे. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "पुढं समुद्र लागला. गाडीला पवता येत न्हवतं." किती रुपयांना विकली हा आकडा दर वेळी वेगळा असे. बसऱ्यात तेव्हा आपल्याकडचा इंग्रजी कलदार रुपयाच चालत होता. कधी तो दोनशे कलदार म्हणे, कधी साडेतीनशे, एकदा तर एका लग्नात पाचशे आणि वर खजुराची दोन पोती म्हणाला. मला राहवेना. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मागच्या वेळी तीनशे म्हणला होतास." तो म्हणाला, "दादा, ते मागच्या साली. भाव वाढून राह्यला, कपाशीसारखा."

खरं काय झालं ते त्यानं मला एकदाच, गोदावरीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सांगितलं. तार हातात पडली तेव्हा दुसऱ्या दिवशी मुंबईचं जहाज सुटणार होतं. पुढचं कधी, याचा भरवसा नव्हता. इराणमधून गाडीवर यायचं तर महिना गेला असता. खिशात तिकिटाचे पैसे नाहीत. विकायला एकच वस्तू, तीही परमुलखातली. आपल्याकडे करोडगिरीची जकात भरल्याशिवाय नाक्यावरून काही हलत नाही, तसंच तिथं. गाडी तिथंच विकायची तर जकात भरायची. तो सकाळपासून गाडी ढकलत बाजारातून फिरला. पेट्रोल जाळणंसुद्धा त्याच्या जिवावर आलं होतं. घाईतला माणूस दिसला की भाव पडतो. एक जण तर म्हणाला, उद्या जहाज सुटल्यावर ये, फुकट घेतो. शेवटी मोटारी दुरुस्त करणारा एक आर्मेनियन म्हातारा भेटला. पहिल्या लढाईच्या वेळी आपल्याकडच्या पलटणीत राहून त्याला हिंदुस्तानी येत होतं. त्यानं गाडीला हात लावला, चाक फिरवलं, साखळी बघितली आणि विचारलं, "इतनी दूर लाया, अब क्यों बेचता है?" माणिक म्हणाला, "मां बीमार है." म्हाताऱ्यानं पुढं गाडीकडे पाहिलंच नाही. "फिर तू भाव मत बोल. मैं भी नहीं बोलता," असं म्हणून तो आत गेला. जकात, जहाजाचं तिकीट, रेल्वेचं भाडं, या सगळ्याला पुरतील एवढे पैसे त्यानं आणून दिले. "दादा, मी दाम घेतले अन् गाडीच्या टाकीवर हात ठिवला. टाकी उन्हानं तापल्याली होती. मला वाटलं जनावराचं अंग हे... मंग मला निघवंना." म्हाताऱ्याच्या ते ध्यानात आलं. त्यानं पकडीनं भोंपू उतरवला आणि माणिकच्या हातात दिला. मां के दरवाजे पर बजाना, वो समझेगी बेटा आ गया.

माणिक परतूर स्टेशनात उतरला आणि बैलगाडीची वाट न बघता चालत वाटूरला आला. आमच्या अंगणात त्या दिवशी शेजारचे चारपाच जण बसले होते. आजाऱ्याच्या घरी बसतात तसे, न बोलता. मी आत गोदावरीच्या उशाशी होतो. वहिनी अंगणात सुपात काहीतरी पाखडत होती. दार उघडं होतं. भोंपू पिशवीत होता. तो काढून दारात वाजवला असता तर कोणीतरी बाहेर गेलं असतं, त्याला बाजूला घेऊन काय ते सांगितलं असतं. पण दारातून त्याला आई दिसली, सूप हातात घेतलेली, धडधाकट. पंधरा दिवस जिच्या मरणाची भीती उराशी धरून तो समुद्रातून आला, ती. तो धावत आत आला आणि मोठमोठ्यानं हसायला लागला. ते हसू मी आतून ऐकलं. तसं हसू त्या घरात त्याआधी आणि नंतर मी ऐकलं नाही.

"वैनी! तू तर ठणठणीत हायेस की! अन् म्या येड्यानं उगंच गाडी विकली!"

अंगणातले लोक खाली बघायला लागले. वहिनीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि मान आतल्या खोलीकडे केली. मग त्याला सगळं कळलं.

हातपाय धुऊन तो आत आला आणि गोदावरीजवळ बसला. त्याचा चेहरा मला ओळखू येत नव्हता. ती जागी होती. तो म्हणाला, "वैनी, आलो बघा." नवी हा शब्द त्या दिवशी त्यानं गाळला. "गाडी स्टेशनावर ठिवली हे. तुम्ही बऱ्या झाल्या की बसवतो."

"बरं," ती म्हणाली. "मागं बसल्यावर धरायला काय असतंय?"

"कडी असती सीटला."

"बरं."

तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. चिंचोका चुलीपासून दोन हातांवरच होता. कोणी तो सरकवला नाही, मग कधीतरी तो नाहीसा झाला.

लोकांनी माणिकच्या हसण्याची चर्चा केली, पण थोडे दिवस. मी त्याला काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. आई जिवंत दिसल्यावर माणूस हसणार. हे मी त्याला दोनतीनदा सांगितलंही. तो मान हलवायचा. "तुझं बराबर हे दादा. पण ती आत होती." पुढं त्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली, इंजिनांच्या कामात नाव झालं. मोटारसायकल पुन्हा घ्यायची ऐपत आली होती, घेतली नाही. बैल ठेवले. आणि भोंपू वाजवल्याशिवाय कोणाच्या दारातून आत गेला नाही. माझ्या दारात तो थांबायचा तेव्हा मी आतून "ये" म्हणायचो, आणि त्याला प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटतं, असं मला जाणवायचं. माझं दुसरं लग्न झालं, मी परतूरला बिऱ्हाड केलं, वहिनी माझ्याकडे आली. तिला आता डोळ्यांनी अंधुक दिसतं. पण भोंपू मी ऐकायच्या आधी तिला ऐकू यायचा.

आता त्या शेवटच्या शुक्रवारचं. चहा झाला, वहिनीशी गप्पा झाल्या, ऊन उतरलं तसा तो निघाला. भोंपू त्यानं माझ्याकडे दिला. "फुगा चिरला हे. लढाई संपली म्हणत्यात, पण रबर कुठं मिळून न्हाई राह्यलं. औरंगाबादेला कुणी जाणार असलं तर मागवून घे." मी बरं म्हणालो. त्यानं बैल जुंपले, जू नीट केलं, आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"दादा, एक इचारू?"

"इचार की."

"त्या दिवशी मी अंगणात बोल्लो... ते आत गेल्तं का?"

पंधरा वर्षांत त्यानं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी आपणहून सांगितलं नव्हतं, कारण त्यानं काय होईल याचा मला अंदाज करता येत नव्हता. पण विचारल्यावर आकडा फिरवून सांगणं मला जमत नाही.

"गेल्तं," मी म्हणालो.

त्यानं नुसती मान हलवली. बैलाच्या पाठीवरचा हात उचलला नाही.

"पुरतं ऐक. तू हसलास तशी तिनं डोळे उघडले. मला म्हणली, ऐकलं का, भावजी आले. माझ्यापायी गाडी विकली त्यांनी. उगंच विकली म्हणत्यात, ते बराबर हे. मी तर बरी होणारच हे."

"माझ्यापायी म्हणली?"

"माझ्यापायी म्हणली. अन् म्हणली, मला कळलं म्हणून भावजींला सांगू नका. त्यांला वाईट वाटंल."

"म्हंजी मी स्टेशनावर ठिवली म्हणलो तवा..."

"तवा तिला ठाऊक होतं."

"अन् कडीचं इचारलं तिनं..."

"हां."

रस्त्यानं एक कापसाची गाडी गेली, तिच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "तिला मातर खरं सांगितलं न्हाईस तू. तार कशी झाल्ती ते."

"न्हाई सांगितलं."

"बरं केलंस." तो दमणीत चढला, कासरा हातात घेतला. "दादा, आता तसंच ऱ्हाऊ दे. तिच्यापायीच विकली. कुणी इचारलं तर तसंच सांगत जा."

"अन् कितीला विकली म्हणून सांगू?"

तो हसला. मोठ्यानं नाही, पण माझ्या दारात कितीतरी वर्षांनी हसला. "ते मातर इचारू नको. भाव वाढून राह्यला."

दमणी वळणापर्यंत दिसली. मी माणसाला वाटेला लावून लगेच आत जाणारा, पण त्या दिवशी थांबलो होतो, याचं आता बरं वाटतं. त्यानं सांगितल्याप्रमाणे मी इथं लिहून ठेवतो: माझ्या धाकट्या भावानं विलायतेहून आणलेली मोटारसायकल बसऱ्याला विकली, ती माझी पत्नी गोदावरी हिच्यासाठी.

रबरी फुगा गेल्या आठवड्यात औरंगाबादेहून आला. आणणाऱ्याला माणिक गेल्याचं माहीत नव्हतं. मागवलेली वस्तू घेतली पाहिजे म्हणून मी घेतली, आणि घेतलेली वस्तू बसवली पाहिजे म्हणून दुपारी तारेनं आवळून भोंपूला बसवली. नीट बसली की नाही ते पाहायचं तर वाजवून पाहणं आलं. घरात वाजवला तर झोपलेली वहिनी दचकेल, म्हणून पायऱ्या उतरून बाहेर गेलो आणि दोनदा दाबला. आवाज स्वच्छ आला, पूर्वीसारखा.

आतून वहिनी म्हणाली, "ये रे बाबा. दार उघडंच हे."

मग आत एकदम शांत झालं. तिला आठवलं असणार. मी भोंपू हातात घेऊन पायरीच्या खाली उभा होतो, तो उभा राहायचा त्याच जागी, आणि मला माझ्याच घरात जाता येईना. मी आत गेलो की जो आला तो माणिक नाही, एवढं नक्की होणार होतं. ऊन डोक्यावर होतं. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही...

शेवटी तीच पुन्हा बोलली.

"दादा," ती म्हणाली, "तू तरी ये."